मिरजेचा तंबोरा आणि परमुलखाची जकात

सातारा-सांगलीकडील ज्या व्यापाऱ्यांनी आपले दुकान इंटरनेटवर थाटले आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांस माल बिनतक्रार पोहोचविण्यात ज्यांचा हात चांगला बसला, त्यांपैकी अनेकांस आता परदेशांतील मागणी खुणावू लागली आहे. ही उमेद सर्वस्वी स्वागतार्ह असली, तरी पाच-सहा देशांची नावे एकाच दिवशी यादीत घालण्याची जी घाई दिसते, तिला वेळीच आवर घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मिरजेच्या तंतुवाद्यांचाच विचार करा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून चालत आलेल्या या कारागिरीस २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. येथील तंबोरा परदेशी धाडावयाचा, तर तारा सैल करून, घोडी काढून, दांडी भोपळ्यास जेथे मिळते त्या सांध्यास चोहोबाजूंनी आधार देऊन पेटी करावी लागते. समजा, ती पेटी १४० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ४५ उंच झाली. परदेशी स्पीड पोस्टाची सर्वसाधारण मर्यादा लांबीस दीड मीटर, आणि लांबी अधिक घेर मिळून तीन मीटर अशी आहे; म्हणजे आपली पेटी लांबीत बसते, परंतु बेरीज ३३० सेंटिमीटर होऊन अडते. खाजगी कुरियरकडे जावे, तर तेथे घनफळास ५००० ने भागून आकारणीचे वजन ठरविण्याची रीत असल्यामुळे, पोकळ भोपळ्याच्या या हलक्या वाद्यास ६३ किलोंचे भाडे पडते. विक्रीची किंमत ठरविण्यापूर्वीच हा हिशेब मांडला पाहिजे, आणि पेटीचे माप सुताराच्या मर्जीवर कदापि सोडू नये.

जकातीचा प्रश्न याहून नाजूक आहे. आठशे डॉलरपर्यंतच्या मालास अमेरिकेत असलेली माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून संपुष्टात आली. तत्पूर्वीच, २५ ऑगस्टपासून, आपल्या टपालखात्यास तिकडील बहुतेक टपाल थांबवावे लागले, आणि १५ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झाले ते जकात येथेच आगाऊ भरण्याच्या व्यवस्थेसह. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची करमाफी १ जुलै २०२१ रोजीच काढून घेतली होती. अशा स्थितीत जकातीचा बोजा गिऱ्हाइकावर अवचित टाकणे आम्हांस अयोग्य वाटते; ती किमतीतच धरून विक्रेत्याने स्वतः भरावी, कारण दारात आलेले पार्सल गिऱ्हाइकाने नाकारले की परतीचे भाडे आणि पुनरायातीचे दस्तऐवज यांचा भार अखेर विक्रेत्यावरच येतो.

मालाचे वर्णनही मोघम नसावे. सांगलीची हळद अमेरिकेस पाठविताना तेथील अन्न-औषध प्रशासनास पूर्वसूचना द्यावी लागते. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र दुधाचे असल्यामुळे युरोपातील कोणा कुटुंबास टपालाने धाडणे तेथील नियमांत बसत नाही, मग वेष्टन कितीही उत्तम असो.

२०२२ पासून टपालखात्याने उघडलेल्या डाकघर निर्यात केंद्रांमुळे निर्यातीचे घोषणापत्र आता घरबसल्या संगणकावर भरता येते, आणि लहान व्यापाऱ्यांनी या सोयीचा अवश्य लाभ घ्यावा. तथापि घोषणापत्रातील मजकूर, किंमत आणि मालाचा सांकेतिक क्रमांक यांची जबाबदारी विक्रेत्याचीच राहते, तेथल्या कारकुनाची नव्हे. म्हणून प्रथम एकच देश निवडावा, तेथे माल पोहोचण्याची, जकातीची आणि परतीची तऱ्हा पूर्ण एक हंगाम पाहावी, आणि मगच यादीत दुसरे नाव घालावे.