म्हणे, त्याला दाखव मालक कोण!

घोडेस्वारी शिकवणाऱ्या बऱ्याच ठिकाणी हे वाक्य ऐकू येतं. घोडा अडला? दाखव मालक कोण. बुजला? टाच मार, चाबूक दाखव. पडलात? लगेच परत चढा, नाहीतर भीती कायमची बसेल. आणि हे सगळं करताना हात थरथरले की वर "एवढा आयटीवाला माणूस, घोड्याला घाबरतो?" (आयटीचा इथे काय संबंध, देव जाणे.)

माझं म्हणणं असं की हा सल्ला नुसता उद्धट नाही, चक्क चुकीचा आहे.

मुळात घोडा हा शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. नेमकं कपाळासमोर आणि शेपटीमागे दिसत नाही. पिशवी फडफडली की आधी पळायचं, विचार नंतर. याच सवयीवर त्याचे पूर्वज जगले. त्यात तुमचा अपमान करायचा हेतू शोधणं म्हणजे सर्व्हर डाऊन झाला की तो आपल्यावर खुन्नस काढतोय असं मानणं.

आणि हे काही आजचं फॅड नव्हे. झेनोफोन या ग्रीक सेनानीने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने स्पष्ट सांगितलंय की घोड्याशी रागाच्या भरात वागू नये, आणि बुजलेल्या घोड्याला मारू नये. का? कारण त्या वेदनेचं खापर तो समोरच्या वस्तूवरच फोडतो आणि आणखी घाबरतो. लढाईवर जाणाऱ्या माणसाला जे कळलं ते रविवार सकाळच्या बॅचला का कळू नये?

"मग मनातून घाबरूच नको ना" हा दुसरा लाडका सल्ला. २००९ साली स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांचा एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना घोडा घेऊन चार फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीआधी सांगितलं, आता शेजारी छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही! पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही. म्हणजे छाती पुढे काढून केलेला आव घोड्यासमोर फारसा टिकत नाही. शांत राहायला खरं कारणच लागतं.

ते कारण कुठून येतं? मराठीत सुंदर शब्द आहे: मांड. मांड पक्की असेल तर लगामाला लोंबकळावं लागत नाही, आणि मग घोड्याचं तोंडही दुखत नाही. ती ओरडून येत नाही, तासन्‌तास बसून येते. तीही आधी शांत घोड्यावर. अवघड घोड्यावरून उतरून सोपा घोडा मागणं ही हार नाही, रोलबॅक आहे.

दुसरं, आधी दुखणं तपासा. सू डायसन या पशुवैद्यांनी २०१८ मध्ये स्वाराखालच्या घोड्याच्या २४ वर्तनांची यादी मांडली. त्यातली ८ किंवा जास्त दिसली तर दुखण्याची शक्यता बरीच. 'हट्टी' घोड्याचं खोगीर पाठीत रुतत असेल तर तुमचा आत्मविश्वास काय करणार?

तिसरं, काम लहान करा. जमिनीवरून चालवा, थांबवा, मागे घ्या. मग चढून फक्त चाल, मग थोडी दुडकी. जमलं की तिथेच संपवा.

"अशाने घोडा लाडावतो," असं म्हणतील. अहो, मी लाड करा म्हणतच नाहीये. घोडा दाबाने नाही, दाब सुटल्याने शिकतो. पाय लावला, तो पुढे गेला, पाय सैल. त्या क्षणी सैल केला नाही तर त्याला उत्तर बरोबर आलं हे कळणार कसं? यात शिस्त जास्त लागते, ती स्वाराला.

आपण वीकएंडवाले सगळे बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. दर तासाला नवा माणूस पाठीवर, प्रत्येकाची ओढ वेगळी. यातूनच 'अवघड' घोडे तयार होतात, आणि खापर मात्र घोड्यावर नाहीतर नवशिक्यावर.

माझ्या बॅचमधली एक मैत्रीण अशीच पडली. डोक्याला मार लागलाय का हेही न बघता तिला त्याच घोडीवर पुन्हा बसवलं, वर हसले. ती परत आलीच नाही. उत्तम स्वार झाली असती, असं मला आजही वाटतं. घोडी तिथेच आहे, अजून 'खोडकर' म्हणून प्रसिद्ध.

तेव्हा लोकहो, पुढच्या वेळी कोणी "दाखव मालक कोण" म्हणालं तर शांतपणे विचारा, "याची पाठ शेवटची कधी तपासली होती?" उत्तर ऐकण्यासारखं असतं.