शहरातलं पहिलं छप्पर आपण देऊ या
जाहीर आवाहन

पिंपळनेर आणि साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील ग्रामस्थ, पालक, शिक्षक, व्यापारी बांधव, तसेच पुणे, नाशिक, मुंबई, सुरत येथे स्थायिक झालेली आपली मंडळी यांना,

बारावीचा निकाल लागला की घराघरांत धावपळ सुरू होते. प्रवेशफेरी, दाखले, जातपडताळणी, फीचे पैसे. या सगळ्यात राहायचं कुठे हा प्रश्न मागे पडतो आणि पुण्याच्या गाडीत बसल्यावर आठवतो. मग ओळखीच्या कुणाच्या तरी रूमवर चार दिवस, तेवढ्यात एजंटचे फोन, आणि घाईत ताब्यात घेतलेली, न आवडलेली, न परवडणारी खोली. पहिल्या सत्रातच कंटाळून पोरं घरी परततात, त्याचं कारण अभ्यासात असतंच असं नाही.

दरमहा भाडं कुठलंही कुटुंब ओढूनताणून भरतं. अडतं ते पहिल्या दिवशी. डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं, एजंटचं कमिशन, मेसचा ॲडव्हान्स, गादी-बादली हे सगळं एकदम द्यावं लागतं. कांद्याला भाव नसलेल्या साली ही रक्कम उभी करायला सावकाराचं दार वाजवावं लागतं. पण यातलं डिपॉझिट हा खर्च नव्हे. खोली सोडताना ते परत मिळायचं असतं. मग हा भार एकेका बापाने वेगळा उचलण्याऐवजी गावाने मिळून उचलला तर? एका पोराचं परत आलेलं डिपॉझिट पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या कामी येईल. या आवाहनाचा गाभा एवढाच आहे.

शिक्षणाची वाट वसतिगृहाच्या दारातून जाते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखलं. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह सुरू केलं. आपल्या खान्देशातच, अमळनेरला, साने गुरुजींनी शाळेत शिकवता शिकवता छात्रालय सांभाळलं आणि मुलांसाठी स्वतःच्या हाताने रोजचं दैनिक लिहिलं. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. खेड्यांतून आलेल्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय ती आजही करते. तिथे अर्ज कसा करायचा हे आपल्या पोरांना माहीत हवं आणि ते वेळेत जमायला हवं.

सरकारी योजनाही आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये पुण्या-मुंबईसाठी वर्षाला 60 हजार रुपये ठरले, त्यांत निवासाचे 20 हजार. म्हणजे महिन्याला सतराशेहून कमी. पुण्याच्या पेठांत एवढ्यात कॉटसुद्धा मिळणं कठीण. शिवाय हे पैसे हप्त्याने खात्यात येतात आणि घरमालक पहिल्याच दिवशी मागतो. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झालं. फी माफ झाली, पण सुरक्षित खोलीची हमी कुणी दिली नाही, म्हणून मुलीला पाठवायचंच नाही असं कित्येक घरांत ठरतं.

म्हणून आमची विनंती अशी.

एक. शहरात स्थायिक झालेल्यांनी वर्षातून एका विद्यार्थ्याला खोली मिळेपर्यंत, फार तर आठ दिवस, आपल्या घरी ठेवून घ्यावं. घर लहान असेल तर निदान खोली बघायला सोबत जावं. घरमालकापाशी ‘आपला गावना पोऱ्या शे’ म्हणणारं कुणी उभं असलं की बोलणी सरळ होतात. मुलींसाठी आपल्या घरच्या बायकांनी पुढाकार घ्यावा.

दोन. व्यापारी, नोकरदार, निवृत्त मंडळी यांनी डिपॉझिटच्या फिरत्या निधीत यथाशक्ती भर घालावी. रक्कम थेट घरमालकाच्या खात्यावर जाईल, खोली सोडल्यावर निधीत परत येईल, आणि दर दिवाळीत जमा-खर्च जाहीर फलकावर लागेल. निवड गरज पाहून होईल. जात, पक्ष, भाऊबंदकी यांना तिथे थारा नसेल.

तीन. सध्या बाहेर शिकत असलेल्या मुलामुलींनी खोली सोडण्याच्या महिनाभर आधी कळवावं. चांगल्या खोलीइतकीच वाईट खोलीची माहितीही द्यावी: पाणी किती वेळ येतं, वीजबिल वेगळं आहे का, मेसचं जेवण कसं आहे, रात्री दार किती वाजता बंद होतं.

चार. पालकांनी फोटो पाहून पैसे पाठवू नयेत. खोली पाहावी, पावती घ्यावी, करार लेखी आणि नोंदणीकृत करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिट किती, केव्हा आणि कोणत्या कपातीने परत मिळणार हे करारातच लिहून घ्यावं. भांडण नेमकं याच ओळीवरून होतं.

पाच. शिक्षकांनी निकालाची वाट न पाहता फेब्रुवारी-मार्चमध्येच योजनांचे आणि वसतिगृहांचे अर्ज, लागणारे दाखले यांची माहिती वर्गात द्यावी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, बँक खात्याला जोडलेलं आधार एवढं तयार असलं तरी अर्धी धावपळ वाचते.

पोरांनाही एक सांगणं आहे. मदत झालेल्याने पुढच्या वर्षी किमान एका नव्या मुलाला हात द्यायचा, हीच या निधीची परतफेड.

शेजारच्या बारीपाड्याने चैतराम पवारांच्या सोबतीने गावाच्या नियमांवर उजाड जंगल पुन्हा उभं केलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावाने ठरवलं तर काय होतं हे पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही. शंभर खोल्यांचं वसतिगृह आपण आज बांधू शकणार नाही. पण शहरांतल्या आपल्या माणसांची नावं-पत्ते असलेली एक वही आणि दहा पोरांचं डिपॉझिट एवढं येत्या निकालाआधी नक्की जमवू शकतो.

खाली सही करणाऱ्यांपैकी कुणाकडेही आपलं नाव, गाव, शहर आणि आपण काय करू शकता हे याच आठवड्यात लिहून द्या.

आपले,
पिंपळनेर परिसरातील पालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी