हसायचे कोणाला?

एखाद्या मोबाइल गेमवर विनोदी चित्रमालिका करून द्या, असे काम आले की आपल्यापैकी बहुतेक जण आधी पात्रांची डोकी मोठी आणि अंगे लहान करून बघतात. त्यात वावगे काही नाही. पण विचार तिथेच थांबला, तर चार-सहा भागांत मालिकेचा जीव संपतो. म्हणून या वेळी रियो या जपानी चित्रकाराच्या ‘मांगा दे वाकारू! फेट/ग्रँड ऑर्डर’ (म्हणजे ‘चित्रकथेतून समजून घ्या’) या मालिकेबद्दल लिहायचे ठरवले. तिच्यातही डोकी मोठीच आहेत, आणि तरीही ती वर्षानुवर्षे टिकली.

‘फेट/ग्रँड ऑर्डर’ हा मूळ मोबाइल खेळ जुलै २०१५चा. मानवजातीचा इतिहास पुसला जातो आहे, तो वाचवण्यासाठी जगभरच्या इतिहास-पुराणांतले वीर बोलवायचे, अशी कथा. स्त्रीरूपातला राजा आर्थर, मोनालिसाचे रूप घेतलेला लिओनार्दो दा विंची, आपले अर्जुन आणि कर्ण, इतकेच काय, झाशीची राणी लक्ष्मीबाईसुद्धा. संवाद लांबलचक आणि सूर गंभीर. रियो यांची मालिका त्याच वर्षी खेळाच्या अधिकृत संकेतस्थळावर सुरू झाली. नावावरून वाटते, नवख्यांना खेळ समजावून देणारी मार्गदर्शिका असेल. प्रत्यक्षात ती शिकवते फारच थोडे.

रियो यांची खरी करामत नायिकेत आहे. अशा खेळांतला नायक जवळजवळ मुका असतो. नाव खेळणाऱ्याने द्यायचे आणि समोर आलेल्या दोन-तीन उत्तरांतले एक निवडायचे, एवढेच त्याचे बोलणे. कथेच्या मधोमध एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, खेळणाऱ्याने तिथे स्वतःला बसवावे म्हणून. रियो यांनी त्या जागेवर गुदाको आणून बसवली. नारिंगी केस, एका बाजूला बांधलेला झुबका, पापणी न लवणारे टपोरे डोळे आणि चेहऱ्यावर दयामायेचा लवलेश नाही. मानवजातीचे काय व्हायचे ते होवो, हिला हवे आहेत स्फटिक, आणि स्फटिकांतून मिळणारी दुर्मीळ पात्रे. शेजारी मॅश ही गुणी, विनयशील सहकारी तिला खेळाचे नियम समजावू पाहते. ऐकतो कोण!

ही हाव कुठून आली, हे खेळणाऱ्याला सांगावे लागत नाही. या खेळात पात्रे सोडतीतून मिळतात; एका सोडतीला तीन स्फटिक लागतात आणि पंचतारांकित पात्र निघण्याची शक्यता एक टक्का. ‘ग्रॅनब्लू फँटसी’ या दुसऱ्या लोकप्रिय खेळात २०१६च्या आरंभी अशाच सोडतीवरून खेळणाऱ्यांचा संताप उसळला, तेव्हा कंपनीने ३०० सोडतींनंतर हवे ते पात्र देण्याची सोय केली. ‘फेट’मध्ये तशी हमी जानेवारी २०२२मध्ये आली, तीही ३३० सोडतींनंतर. म्हणजे साडेसहा वर्षे माणूस कितीही पैसे ओतून रिकाम्या हाताने परत येऊ शकत होता. गुदाको अधाशासारखी हात पुढे करते, तेव्हा वाचणाऱ्याला आपलाच हात दिसतो. मालिकेत वीरांचीही टिंगल आहे, पण खरा नेम त्यांना बोलावणाऱ्यावर आहे. पौराणिक आणि ऐतिहासिक व्यक्तींवर विनोद करताना आपला हात आखडतो, आणि त्याला कारणे आहेत. तिथे हा नेम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

‘ग्रॅनब्लू’चीही ‘गुराबुरू!’ नावाची चार चौकटींची मालिका आहे आणि ती खेळाच्या आतच वाचायला मिळते. २०२०मध्ये तिचे अ‍ॅनिमेशनही झाले. तिचा सूर घरगुती, लाडिक. मूळ खेळात वीर्न या इवल्याशा लाल ड्रॅगनला कोणी पाल म्हटले की तो चिडतो आणि लिरिया या मुलीची भूक भागता भागत नाही. अशा सवयींवर हसू फुलवायचे, तर तिसऱ्या चौकटीत वळण नेमके बसावे लागते. ‘चिंटू’ वाचत वाढलेल्यांना या शिस्तीचे मोल सांगायला नको. कारागिरी चांगली आहे, तरी माझे मत रियो यांच्या बाजूने पडते. सवयींवरचा विनोद पात्रे ओळखीची असतील तोवरच चालतो. गुदाको मात्र तो खेळ कधीच न खेळलेल्यालाही कळते.

आता धंद्याची गोष्ट. रियो आधी ‘आयडॉलमास्टर’च्या एका खेळावर, चाहता म्हणून, बेधडक विडंबने काढत. ‘फेट’च्या कर्त्यांनी असा माणूस बोलावला आणि आपल्याच दुकानातल्या सोडतीवर हसू दिले. पुढे १ एप्रिल २०१७ला एका दिवसापुरते निराळे अ‍ॅप काढले, त्यातले वीर रियो यांच्याच गबाळ्या वाटणाऱ्या रेषेत होते. ३१ डिसेंबर २०१८च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात मालिकेचे अ‍ॅनिमेशन दाखवले. सोडतीवर चालणाऱ्या कंपनीने सोडतीची थट्टा स्वतःच्या नावाने छापावी, याला हिंमत लागते. त्यातून खेळणाऱ्याला एवढे तरी कळते की आपली चरफड पलीकडे पोहोचली आहे.

तेव्हा गेमवरची विनोदी मालिका हाती घेणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. आधी तो खेळ खेळा, हरा, खेळणाऱ्यांची कुरकुर ऐका. आणि करारावर सही करण्यापूर्वी त्या कुरकुरीवर विनोद करण्याची मुभा लेखी मागून घ्या. स्टुडिओ चालवणाऱ्या वाचकांना विनंती अशी की, ती मुभा द्या आणि पहिला कच्चा आराखडा विक्री विभागाकडे पाठवण्याआधी स्वतः वाचा.