नकाशातलं पार्किंग

'खाली दुकान, वर मकान' आपण ड्रॉइंग शीटवर सहज काढतो. पार्किंगची एक चौकट आखली की झालं! मी चिमूरचा. माझ्या मते आमच्यासारख्या गावात बांधकाम परवानगीचा खरा कस लागतो तो याच चौकटीत.

2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीला 2.5 बाय 5 मीटर आणि दुचाकीला 1 बाय 2 मीटर जागा धरली आहे. म्हणजे एका मोटारीच्या जागेत शेजारी शेजारी पाच दुचाक्या! खेड्यांतून बाजाराला येणारी माणसं बहुतेक दुचाकीवरच येतात. मग लहान प्लॉटवर आधी दुचाकीचा विचार नको का?

मालक म्हणतो, "पार्किंग भाडं देते काय, भाऊ?" त्याचंही खरंच आहे. पण पार्किंगच्या जागी शटर लागलं की गाड्या रस्त्यावर येतात आणि सायकलवरची शाळकरी पोरं ट्रकच्या चाकाजवळ ढकलली जातात. बालाजीच्या घोडा यात्रेत तर विचारूच नका!

म्हणून भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी चौकट जागेवर जाऊन मोजावी. मोटारी कमी मागा, पण मागाल ते खरं असू द्या. उद्या अशा नकाशांवर सह्या आपल्याच असणार आहेत. बघा, पटतंय का!