'तेवढे धर्मांतर वगळले, तर'

चांगल्या पुस्तकास वाचक मिळू नयेत हे वाईटच. परंतु वाचक मिळून, नाव होऊनही त्याचा गाभा न वाचलेलाच राहावा, हे त्याहून वाईट होय. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे नेमके असेच झाले आहे. 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची वाखाणणी करीत नाही असा सुशिक्षित मराठी गृहस्थ विरळा. पण वाखाणणी कशाची? सोवळ्याचे वेड लागलेले वडील, लहरी नवरा, शाळेचे तोंड न पाहिलेली बायको आणि पानोपानी फुटणारे हसू, यांची! पुढचा विषय निघाला की आमचे रसिक मित्र आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "तेवढे धर्मांतर वगळले, तर पुस्तक अप्रतिम आहे." या 'तेवढे वगळले, तर'शी आमचे भांडण आहे.

आरंभीच सांगून टाकतो की, आम्ही ख्रिस्ती नाही, आणि मिशनचा कैवार घेण्याचे आम्हांस काही कारण नाही. परंतु झाडाचे फळ गोड मानावे आणि मूळ मात्र नसल्यासारखे करावे, हा न्याय आम्हांस पटत नाही.

आक्षेपकांचे म्हणणे दुबळे करून मांडणे बरे नव्हे. म्हणून ते पुरते मांडतो. 1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला; 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीची संमती त्यास नव्हती. लहानग्या मुलासह त्या बाईवर जो प्रसंग कोसळला त्याचे वर्णन कठोर वाचकासही ढवळून काढील. "पहा," आमचे मित्र म्हणतात, "हा तुमचा धर्म! पहिल्याच दिवशी त्याने घर मोडले." त्या दिवसाचा अन्याय आम्ही तिळमात्र सौम्य करू इच्छीत नाही. देवाच्या नावाने केला म्हणून अन्याय पुण्य होत नाही.

परंतु मित्रहो, गोष्ट तेथे संपत नाही; खरी गोष्ट तेथूनच सुरू होते. धर्मांतरामुळे ज्याची पत्नी त्यास सोडून राहिली, अशा नवख्रिस्ती पुरुषास न्यायालयात जाऊन विवाह मोडून घेण्याची वाट 1866 सालच्या कायद्याने मोकळी करून दिलेली होती. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलानेही, अविश्वासी जोडीदार वेगळा होत असेल तर विश्वासी मनुष्य बांधलेला नाही, असे मानले आहे. कायदा अनुकूल आणि शास्त्रही अनुकूल! टिळकांनी दोहोंचाही लाभ घेतला नाही. त्यांनी वाट पाहिली. तीही एकदोन महिने नव्हे, वर्षानुवर्षे. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपले सोवळे घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळे, देव वेगळा! त्याच संसारात राहून जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या आपल्या बुद्धीने झुंजल्या, आणि उत्तर सापडल्यावरच त्यांनी अन्नपाण्याचा भेद टाकला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. ज्याने स्वतःचा निर्णय तिला न विचारता घेतला, त्याने तिचा निर्णय मात्र तिच्यावरच सोडला. धर्माने माणूस बदलतो म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

मैत्रीचेही तसेच. बालकवी ठोमरे नगरास टिळकांच्या घरी राहिले. त्या घरात त्यांस पुत्रवत माया मिळाली. 1918 साली रेल्वेच्या अपघातात त्या तरुण कवीचा अंत झाला, तोवर त्यांनी धर्म बदललेला नव्हता. मायेचे मोल म्हणून त्या घराने त्यांजकडून काहीही मागितले नाही. धर्मोपदेशकाच्या घराविषयी आपण जे बोलतो, त्यात हे बसते काय? आणि 1917 साली मिशनचे वेतन सोडून टिळक निष्कांचन झाले, ते का? विश्वास आणि पगार एकाच हाताने घेणे त्यांच्या मनास टोचत होते, म्हणूनच ना?

कोणी म्हणेल, ही टिळकांची अंगची थोरवी. धर्माचा काय संबंध? यावर आमची साक्ष खुद्द लक्ष्मीबाईंची. ज्या पुरुषाची भजने मराठी ख्रिस्ती मंडळी उपासनेत भक्तीने गातात, त्याचा शीघ्रकोप, रागाच्या भरात घराबाहेर पडण्याची खोड, हातचा पैसा वाटून टाकून संसारास टांगणीला लावण्याची तऱ्हा, हे सारे त्या लिहून ठेवतात. पण त्यात द्वेषाचा लवलेश नाही, आणि पतिभक्तीचे खोटे गंधही नाही. दोष पुरता पाहावा आणि माणूस पुरता क्षमावा, हे दोन्ही एकाच वेळी साधणे हाच तर त्या विश्वासाचा दैनंदिन व्यवहार! ज्या हास्यावर आपण लुब्ध आहो, ते क्षमेतून आलेले हास्य आहे. धर्म वगळा, म्हणजे पाठीमागे उरेल ती एका त्रासलेल्या बायकोची कैफियत.

आता थोडे आमच्याविषयी. आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येने 1954 च्या विशेष विवाह कायद्यान्वये एका ख्रिस्ती तरुणाशी विवाह केला. 'स्मृतिचित्रां'वर हे स्नेही तासभर रसाळ व्याख्यान देत. मुलीला मात्र त्यांनी तीन वर्षे उंबरठा ओलांडू दिला नाही. आणि आम्ही? आम्ही त्या व्याख्यानास अध्यक्ष होतो, समारोपात त्यांच्या रसिकतेची तारीफ केली, आणि मुलीविषयी अवाक्षर काढले नाही. सभ्यपणा म्हणून गप्प बसलो, असे तेव्हा स्वतःस समजाविले. आज त्यास भित्रेपणा हेच नाव आम्ही देतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, पुस्तक वाचावे तर सगळे वाचावे. ख्रिस्ती व्हा, असे टिळकांचे घर आपणास सांगत नाही. आपला जो कोणता धर्म असेल तो स्वयंपाकघरात, मित्राच्या पंगतीत आणि रागावलेल्या माणसाची वाट पाहण्यात दिसतो काय, एवढेच ते विचारते. हा प्रश्न अवघड आहे. आणि 'तेवढे वगळले, तर' असे म्हणून आपण वगळतो तो हाच.