टपरीवरची तडजोड आणि सायकलवाल्याचा हक्क

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या उणकलच्या मराठी घरांत जितक्या भक्तीने पाळली जाते, तितकी एकादशीसुद्धा पाळली जात नाही. बांधाच्या आणि वाटणीच्या भांडणांत ज्यांचे आजे-पणजे धारवाडच्या कोर्टात खपले, त्यांच्या घरात ही म्हण रुजावी यात नवल नाही. पण हिच्याच आड उभे राहून आपण आपल्या गरीब माणसांना नाडू देत आहोत, आणि नाडणाऱ्यांत आपणही आहोत, हे आज स्पष्ट लिहिणे आम्हांस भाग आहे.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. आपल्याच समाजातले सुतारकाम करणारे एक गृहस्थ, वय त्रेचाळीस, सकाळी सायकलवरून गोकुळ रोडकडे कामावर निघाले होते. उणकल क्रॉसच्या अलीकडे मागून आलेल्या मोटारसायकलने त्यांना उडवले. डाव्या पायाचे हाड गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडले. गाडीवरचा मुलगा चांगल्या घरचा, पळून गेला नाही, त्यानेच रिक्षात घालून दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बैठक बसली. मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, पासपोर्टला अर्ज टाकलाय, पोलीस केस नको. बारा हजार रुपयांवर तोडले. वहीच्या पानावर लिहून घेतले की चूक दोघांची, आमची काही तक्रार नाही. खाली सुतारांच्या मेव्हण्याची सही. त्या बैठकीत पंच म्हणून आम्हीही होतो. खोटे कशाला बोला, घरी परतताना पुण्यकर्म केल्यासारखे वाटत होते.

तीन आठवड्यांनी त्यांची पत्नी आमच्या बँकेत काउंटरसमोर उभी राहिली. पायात सळई घालायचे ऑपरेशन सांगितले होते. सोनेतारण कर्जाचा फॉर्म आम्हीच भरून दिला. तेव्हा प्रथमच एक प्रश्न आम्हांला सुचला, जो टपरीवर पाच शहाण्या माणसांपैकी एकालाही सुचला नव्हता: त्या मोटारसायकलला विमा होता का? चौकशी केली. होता. चालू होता. म्हणजे त्या मुलाच्या वडिलांना खिशातून एक रुपयाही काढावा लागला नसता, आणि सुतारांच्या घरातले सोने घरातच राहिले असते. त्यांनी बारा हजार देऊन पासपोर्ट वाचवला. आणि आम्ही पंचांनी विमा कंपनीचे पैसे वाचवले, तेही फुकट!

रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे, आणि तो विमा गाडीवाल्यासाठी नसून गाडीने ज्याला ठोकले त्याच्यासाठी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम १४६ तेच सांगते. सायकलवाल्याला विमा लागत नाही, लायसन लागत नाही. गाडीवाल्याकडे लायसन नसले तरी घाबरायचे कारण नाही. अशा बऱ्याच प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीला सांगतात, आधी जखमीला भरा, मग मालकाकडून वसूल करा. बस सरकारी असेल तर परिवहन महामंडळ स्वतःच्या निधीतून देते. विमाच नसेल तर मात्र मालकाच्या मागे लागावे लागते, आणि ते काम खरोखर जिकिरीचे आहे.

'चूक दोघांची' हे लिहून घेऊन आपण फार मोठा न्याय केला असे आम्हांला वाटले होते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कलम १६४ प्रमाणे, मोटार वाहनाच्या अपघातात गंभीर दुखापत झाली असेल तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही अडीच लाख रुपये मागता येतात, मृत्यू झाल्यास पाच लाख. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच. म्हणजे टपरीवरच्या कागदातला शब्द न् शब्द खरा धरला तरी हिशेब अडीच लाखांचा होता. आम्ही बारा हजारांवर टाळ्या घेतल्या.

आणि चूक समोरच्याची असेल, तर कलम १६६ खाली पूर्ण भरपाईचा दावा करता येतो. इथे रक्कम कशावर ठरते? आपला समज असा की जितकी जखम मोठी तितके पैसे जास्त. तसे नाही. जखमेइतकेच वजन कागदांना आहे. औषधपाण्याचा खर्च, अंथरुणावर असतानाची बुडालेली मजुरी, पुढच्या उपचारांचा खर्च, वेदना आणि आयुष्यातले गेलेले सुख, या बाबी आहेतच. पण खरी मोठी रक्कम असते ती पुढच्या कमाईच्या नुकसानीची, आणि ती चार आकड्यांवर उभी असते: वय, महिन्याची कमाई, कामाच्या दृष्टीने आलेले अपंगत्व आणि सायकलवाल्याच्या माथी मारलेली चूक. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेबच मांडून दाखवतो.

वय त्रेचाळीस. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात ठरवलेल्या तक्त्याप्रमाणे ४१ ते ४५ वयाला गुणक १४. स्वतःचा धंदा करणाऱ्याची पुढे वाढणारी कमाई म्हणून ४० ते ५० वयात २५ टक्के वाढ धरायची, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले. जखमींनाही ही वाढ मिळते, हे २०२० मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. समजा सुतारांकडे कमाईचा कागद नाही आणि न्यायाधिकरणाने महिना ९,००० रुपये धरले. वाढीसह ११,२५०. वर्षाचे १,३५,०००. चौदा पटीने १८,९०,०००. आता डॉक्टर म्हणाले की पायाचे अपंगत्व ४५ टक्के. पायाच्या टक्क्यांचा तिसरा हिस्सा काढून संपूर्ण शरीराचे १५ टक्के धरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. म्हणजे २,८३,५०० रुपये.

त्याच माणसाची कमाई महिना १५,००० सिद्ध झाली, तर त्याच १५ टक्क्यांचे ४,७२,५०० होतात. आणि सुताराला उकिडवे बसता येत नाही, शिडीवर चढता येत नाही, म्हणून कमाईची ताकद ४० टक्के गेली हे नीट दाखवले, तर १२,६०,०००. पाय तोच, हाड तेच, अपघात तोच. फरक आहे फक्त कागदांचा आणि साक्षीचा.

हा शेवटचा मुद्दा आमचा नाही, सर्वोच्च न्यायालयाचा आहे. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की डॉक्टरने दिलेले टक्के म्हणजे कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत. उदाहरण दिले ते आम्हांला चांगलेच लागले. डावा हात गेला, तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास शंभर टक्के जाऊ शकते, पण सरकारी नोकरीतल्या कारकुनाची नोकरी टिकूही शकते. आम्ही कारकून आहोत. आमचा पाय मोडला तर खुर्ची जागेवर असते, रजा मिळते, पगारपत्रक एका क्लिकवर निघते. ज्याचे नुकसान कमी त्याच्याकडे पुरावा भरपूर, आणि ज्याचे सर्वस्व जाते त्याच्याकडे चिठोरेसुद्धा नाही. याच निकालात असेही आहे की नुसता अपंगत्वाचा दाखला जोडून भागत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरने साक्षीला येऊन उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. ओळखीच्या डॉक्टरकडून टक्के वाढवून आणणाऱ्यांनीही हे वाचावे.

मग कागद नसलेल्याने काय करावे? आपल्याच कर्नाटकातल्या एका भाजीविक्रेत्याचे प्रकरण आहे. २००८ साली ट्रॅक्टरची धडक बसून त्याचा पाय कापावा लागला. न्यायाधिकरणाने त्याची कमाई महिना ३,००० धरली, उच्च न्यायालयाने ३,५००. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती ६,५०० केली आणि बजावले की असंघटित क्षेत्रात पोट भरणाऱ्याकडून कमाईच्या कागदांची अपेक्षा धरता येणार नाही. शिवाय राज्य विधी सेवा प्राधिकरणाचा, अपघाताच्या वर्षाप्रमाणे अंदाजी कमाई दाखवणारा तक्ता आहे. लोकअदालतीत तो वापरतात आणि उच्च न्यायालयही आधार म्हणून घेते. तेव्हा अगदी काहीच नसले तरी शून्य मिळत नाही. पण तक्ता म्हणजे शिध्याचा तांदूळ. ज्याची कमाई त्याहून जास्त आहे त्याने तेवढ्यावर का भागवावे? आमचे सांगणे एवढेच की आपल्या सुतार, गवंडी, शिंपी, भाजीवाल्या बांधवांनी मजुरी रोख घेतली तरी आठवड्याला थोडीफार खात्यात भरावी. पासबुकातली ती ओळ न्यायाधिकरणात कमाईची साक्ष देते. ही आमच्या बँकेची जाहिरात नव्हे, कोणत्याही बँकेत भरा.

आता चुकीचा मुद्दा. सायकलवाल्याची २० टक्के चूक ठरली तर भरपाईतून २० टक्के वजा. दिवा नव्हता, उलट्या बाजूने आला, अचानक वळला, हे विमा कंपनीच्या वकिलांचे ठरलेले मुद्दे. आमच्या लहानपणी रात्री दिव्याशिवाय सायकल दिसली की पोलीस चाकाची हवा सोडत. राग यायचा, पण त्या हवेची किंमत आज कळते. मात्र ही चूक पुराव्याने सिद्ध व्हावी लागते, नुसत्या म्हणण्याने नाही. आणि तो पुरावा तयार होतो पहिल्या दोन-चार दिवसांत: फिर्याद, जागेचा महजर, नकाशा, जखमेचा दाखला, दोषारोपपत्र.

इथे आपल्या घरांचा एक जुना दोष सांगावाच लागेल. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलो, बाजारात फर्डे कन्नड बोलतो, पण वाचायची वेळ आली की निम्मी मंडळी अडखळतात. पोलिसांतला जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो आणि आपला माणूस 'सरी, सरी' म्हणत खाली सही ठोकतो. सायकल रस्त्याच्या मध्यावर होती असे त्यात लिहिले असेल, तर ते कळते थेट दोन वर्षांनी, उलटतपासणीत. हा भाषेचा वाद नाही, तो करणाऱ्यांनी कृपया हा लेख आपल्या भाषणात ओढू नये. जबाब वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेत कन्नड शिकणाऱ्या आपल्याच मुलीकडून वाचून घ्या, आणि मग सही करा. एवढेच.

एक गोष्ट राजकारण्यांसाठी. जुन्या पी. बी. रोडवर २०१८ मध्ये चिगरी बस सुरू झाली, मधली पट्टी तिला मिळाली. ट्रक, टेम्पो, मोटारी आणि मोटारसायकली यांच्या गर्दीत सायकलवाला कडेला उरला. नाल्याकाठी सायकलमार्ग झाले, फोटोही छापून आले. पण कामावर जाणारा सुतार नाल्याकाठी हवा खायला जात नाही, त्याला क्रॉस ओलांडायचा असतो. महापालिकेच्या मतांसाठी हार घालून घ्यायला जे येतील त्यांना आमच्या मंडळींनी मंदिराच्या सभामंडपाऐवजी उणकल क्रॉसच विचारावा. आणि हेही विचारावे की अपघाताची पहिली खबर पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला कळवायची, असा नियम २०२२ पासून असताना, आपल्या भागात टपरीवर निपटलेल्या अपघातांची नोंद कोण ठेवतो?

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनाही एक प्रश्न. वर्धापनदिनाच्या जेवणावर खर्च होतो त्याच्या चौथ्या हिश्शात एक वकील महिन्यातून दोन संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बसवता येईल. मागच्या सभेत आम्ही हे सुचवले, तेव्हा 'त्याने समाजात भांडणे वाढतील' असे उत्तर मिळाले. भांडण कोणाशी? विमा कंपनीशी? ती काही आपल्या सोयरिकीत नाही!

विमा कंपनीच्या बाजूचे लोक म्हणतील की खोटे दावे फार होतात. होतात, आम्ही नाकारत नाही. वकील, दलाल आणि डॉक्टर यांच्या साखळीने घडवलेले दावे न्यायालयांनी पकडले आहेत. पण त्याचा जाच होतो खऱ्या जखमीला, कारण त्याच्याकडे साखळी नसते. वकिलाची फी टक्क्यांत ठरवू नका, कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि भरपाईची रक्कम थेट आपल्या खात्यात येईल हे पाहा. न्यायाधिकरणाच्या आदेशाने ठेवलेल्या मुदत ठेवी आम्ही काउंटरवर रोज पाहतो. त्या मोडायला सोबत येणारे 'हितचिंतक'ही पाहतो.

शेवटी मुदतीचे. कलम १६६ खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो, ही अट १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी झोपू नये. फिर्याद उशिरा दिली, एवढ्याच कारणावरून खरा दावा बुडत नाही, हे त्याच न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलेले आहे, मात्र उशीर का झाला ते पटवून द्यावे लागते.

आमच्या सुतारबांधवांना उशीर का झाला, हे पटवून द्यायला आम्ही साक्षीला उभे राहणार आहोत. टपरीवरच्या पंचांपैकी आणखी दोघांनी यावे असा निरोप त्यांच्या घरी दिला आहे. एकाने होकार कळवला, दुसऱ्याने अजून नाही. अपघाताला चार महिने झाले, दोन उरले आहेत.