सुट्टीतला मोबाईल आणि राहिलेली झोप

आपल्या शाळेत मोबाईल नाही, त्यामुळे आपल्याला त्याची सवयही नाही, असे पुष्कळ कॅडेट अभिमानाने सांगतात. मला ते पटत नाही. शाळेत मोबाईल नसतो कारण तो जमा केलेला असतो. सवय लागली की नाही ते सुट्टीत कळते. बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मिरजेला उतरलो की घरचे आधी पिशवी हातातून घेतात आणि मग फोन हातात देतात. पहिल्या दोन रात्री साडेदहाला डोळे मिटतात. आठवड्याने तोच मुलगा रात्री दीडला जागा असतो आणि सकाळी आई तिसऱ्यांदा हाक मारते. सुट्टीवरून परतल्यावर पहिल्या सोमवारी पीटीच्या फॉल-इनला चेहरे बघा, म्हणजे कळेल.

यात सगळा दोष मुलांचा नाही. वयात येताना शरीराचे घड्याळच मागे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन हे द्रव्य लहान मुलांपेक्षा उशिरा पाझरू लागते, आणि डोळ्यांसमोर पडद्याचा उजेड असला तर आणखी उशिरा. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते, असे डॉक्टर सांगतात. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. चांगलेच झाले. पण ज्यांचे घड्याळ खरोखर उशिरा चालते ते आठवी-दहावीवाले त्यातून सुटले! अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने 2022 पासून हायस्कुलेच साडेआठच्या आधी भरवायची नाहीत असा कायदा लागू केला आहे.

आपल्याकडे हे होणार नाही, आणि व्हावे असे मीही म्हणणार नाही. खडकवासल्याला जायचे तर पहाट चुकत नाही. मग हलवता येते ते रात्रीचेच टोक. दिवे साडेदहाला बंद होतात, उठायचे साडेपाचला. हिशेब सात तासांचा. रात्रीची प्रेप तासभर अलीकडे आणून दिवे साडेनऊला बंद करावेत, निदान परीक्षा नसताना तरी, अशी माझी सूचना आहे. पांघरुणात बॅटरी लावून वाचणाऱ्यांनी रागावू नये. पाठ केलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेतच.

सुट्टीचे काय? याच शहरात निमहान्सचे ‘शट’ नावाचे केंद्र 2014 पासून आहे. मोबाईल आणि गेम सुटत नाहीत अशी मुले तिथे उपचारासाठी येतात. तिथवर वेळ येऊ नये, असे वाटत असेल तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावकडे बघावे. कोरोनात शाळा मोबाईलवर आली आणि नंतर मोबाईल मुलांच्या हातून सुटेना. तेव्हा 2022 मध्ये सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने ठरवले की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. मला यातले आवडले ते हे, की बंद सगळ्या घराला होता. मुलाला ‘फोन ठेव’ सांगून वडील स्वतः रील बघत बसले, तर मुलगा का ऐकेल? यवतमाळच्या बान्सी गावाने त्याच वर्षी अठराच्या आतल्या मुलांनाच मोबाईलबंदी केली. ती मला अर्धी वाटते.

वडगावचा भोंगा अभ्यासासाठी होता. झोपेसाठी घरात दुसरा भोंगा रात्री दहाला हवा. दहाला आजोबांपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, तिथेच चार्जिंगला. उशाशी एकही नाही. दिवाळीच्या सुट्टीसाठी आमच्या हाऊसमधल्या मराठी मुलांनी घरी असे पत्र लिहायचे ठरवले आहे. माझे पत्र पोचले. रविवारी फोनवर बाबा म्हणाले, “बाकी ठीक आहे, पण गजराला फोन लागतोच ना?” चावीचे गजराचे घड्याळ मी इथूनच घेऊन जाणार आहे.